‘दिसत नाहीये’ म्हणणारा सर्जन

शशी,

तुझ्या शोकसभेत सगळे तुझ्या हातांबद्दल बोलले. तुझे हात साधारण होते. हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं, आणि ते लिहिण्याइतका जवळचा आणि तेवढाच खवचट माणूस आता मीच उरलोय.

मुलुंडच्या त्या हॉलमध्ये तुझा फोटो होता, फोटोला झेंडूचा हार आणि मागे भिंतभर फ्लेक्स. फ्लेक्सवर तुझ्या नावाखाली लिहिलं होतं, ‘जादुई हातांचे शल्यविशारद’. पहिल्या रांगेत बसलेल्या सुनंदावहिनींनी ते वाचलं आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तू घरी नारळ कसा फोडायचास ते आम्हा दोघांना एकदमच आठवलं असणार. त्यांनी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, वहिनींना हुंदका आला.

भाषणं व्हायची तशी झाली. अपूरणीय हानी झाली. पोकळी निर्माण झाली, आणि ती प्रत्येक वक्त्यागणिक नव्यानं झाली. आपल्या धंद्यात पोकळी नीट पुसून, आत काही राहिलं नाही ना हे बघून मग पोट शिवतात. इथे कुणालाच शिवायची घाई नव्हती. अध्यक्षांनी तर तुझ्याबद्दल बोलता बोलता स्वतःच्या नव्या हॉस्पिटलचा पत्ता सांगून टाकला, पार्किंगच्या सोयीसकट.

मग किरीट उठला. घाटकोपरचा आपला किरीट, तुझा दोस्त आणि माझा फक्त परिचित. त्याच्या हातात कागद नव्हता. म्हणाला, “शशीभाई मला फोन करायचा ना, तर हॅलो पण नाय बोलायचा. डायरेक्ट बोलायचा, किरीट, अडकलोय, येतो काय? आणि मी पण त्याला असाच करायचा.” एका रविवारी सकाळी त्याच्या नर्सिंग होममध्ये पेशंटचं पोट उघडं होतं, रक्त थांबत नव्हतं, आणि तू घरातल्या चपलांवर रिक्षानं धावत आला होतास. तेवढं सांगून तो खाली बसला.

त्यानंतर रांगच लागली. भांडुपचे एकजण, विक्रोळीच्या एक बाई, ठाण्याहून आलेले कुणी. प्रत्येकाची गोष्ट एकच: मी अडकलो, शशीला फोन केला, शशी आला. सभा संपेपर्यंत असं दिसलं की त्या बाजूला जो कोणी हातात सुरी धरतो त्यानं एकदा तरी, पेशंट टेबलवर असताना, तुला बोलावलंय. मी दुसऱ्या रांगेत बसून ऐकत होतो. मला असा फोन तुझ्याशिवाय आजवर कुणी केलेला नाही. माझे हात तुझ्यापेक्षा चांगले आहेत हे त्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तू स्वतः चारचौघांत सांगायचास. तरी नाही.

शोकसभेत माणसाला दुःख व्हावं अशी अपेक्षा असते. मला झालं, नंतर, घरी येताना. हॉलमध्ये जे झालं त्याला दुसरं नाव आहे, आणि ते आपल्या दोघांत काही नवीन नव्हतं.

त्यात माझी एक अडचण आहे. माझी पित्ताची पिशवी अजून माझ्याच पोटात आहे, खड्यांसकट. ती तू काढणार होतास. गणपती होऊ देत, मग करू, असं आपलं ठरलं होतं. तू गणपतीपर्यंत थांबला नाहीस. सकाळी फिरायला गेलास, दम लागला म्हणून बाकावर बसलास आणि तिथेच संपलास. आयुष्यभर ज्यानं कुठलंच काम झटपट केलं नाही त्यानं हे एक करावं, याचा मला राग येतो. गणपती आले आणि गेले. माझ्यावर सुरी कुणी धरायची हा प्रश्न तसाच राहिला.

म्हणून सध्या मी तुझ्या पेशंटांचा हेवा करतो. तुझ्या शेवटच्या आठवड्यात तू एका निवृत्त मास्तरांची पिशवी काढलीस. ते सभेला आले होते, शर्टाखाली टाके घेऊन, आणि जो भेटेल त्याला सांगत होते, “डॉक्टरांचा शेवटचा पेशंट मी.” त्यांना खुर्चीवरून हळूच ढकलावं असं मला वाटलं. माणूस सत्तरीचा, टाके ताजे, म्हणून राहिलं.

आपण शिकत होतो तेव्हा हे सगळं उलटं होतं. म्युनिसिपल हॉस्पिटलात सर मला हर्निया करताना बघायला बाकीच्या पोरांना बोलवायचे. तुला म्हणायचे, “शशिकांत, आटप, पेशंट म्हातारा होतोय.” तू हसायचास. गाठ मारायचास, ओढून बघायचास, मनासारखी नाही म्हणून सोडायचास आणि पुन्हा मारायचास. तेव्हा हेवा तू करायला हवा होतास. नियमानं तुझीच पाळी होती. तू माझ्या पाठीमागे उभा राहून बघायचास आणि कँटीनमध्ये म्हणायचास, “दिल्या, झकास करतोस रे तू.” कुणी इतक्या निर्मळपणे कौतुक केलं की जिंकण्यातली अर्धी मजा जाते. उरलेली अर्धी तू नंतर घालवलीस.

तू मुलुंडला बस्तान बसवलंस, मी पार्ल्याला. दुर्बिणीची ऑपरेशनं आली. पोटाला बारीक छिद्रं पाडायची, कॅमेरा आत घालायचा आणि पडद्यावर बघत काम करायचं. मला ते पोहण्यासारखं जमलं. तूही शिकलास, पण काठाला धरून.

हे तुझ्याबरोबर इतरही वाचतील, म्हणून जरा उलगडून सांगतो. पित्ताच्या पिशवीला एक लहान नळी असते. ती यकृतातून येणाऱ्या मोठ्या नळीला जाऊन मिळते. लहान नळीला क्लिप लावायची, कापायची, पिशवी बाहेर काढायची, एवढंच ते ऑपरेशन. पण पिशवी सुजली असेल तर दोन्ही नळ्या एकमेकींना चिकटून एकच दिसतात. घाईत मोठी नळी कापली गेली तर त्या माणसाचं पुढचं आयुष्य हॉस्पिटलच्या चकरा मारण्यात जातं. तू नेहमी म्हणायचास की हात चुकला तर लगेच कळतं, रक्त येतं. डोळा चुकला तर कळत नाही, कारण चुकतानाही आपल्याला पक्की खात्रीच वाटत असते. हे तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की शेवटी शेवटी मी तू बोलत असताना वर्तमानपत्र उघडायचो.

अंधेरीला विमानतळाजवळच्या हॉटेलात ती कॉन्फरन्स झाली होती. उद्घाटनाला एसीच्या वाऱ्यात समईच्या वाती पेटेनात, तेव्हा दोन प्राध्यापक आणि एका मंत्र्यांचे पीए हातांचा आडोसा करून उभे राहिले. त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं टीमवर्क तेच. शाल-श्रीफळ वाटून झालं. मग मुख्य आकर्षण. जवळच्या हॉस्पिटलात आपण दोघांनी एकेक ऑपरेशन करायचं आणि हॉटेलच्या हॉलमध्ये सर्जन मंडळींनी ते पडद्यावर थेट बघायचं. टेबलावरचा माणूस कोण, त्याच्या पोटात काय वाढून ठेवलंय, याची हॉलला फिकीर नसते. हॉलला जेवणाच्या आत संपायला हवं असतं.

माझं आधी झालं, आणि देखणं झालं. टाळ्या मला तिथे स्पीकरवरून ऐकू आल्या. मग मी कपडे बदलून हॉलमध्ये येऊन बसलो, तुझं बघायला. खोटं कशाला बोलू, आशेनं बसलो.

तुझ्या पेशंटची पिशवी सुजलेली होती, सगळीकडून चिकटलेली. तू एकेक पापुद्रा सोडवत होतास. लोक घड्याळं बघायला लागले. मंचावर बसलेल्या ज्येष्ठांनी माईक ओढला आणि म्हणाले, डॉक्टर, नळी समोर दिसतेय, क्लिप लावा आता.

तुझा आवाज आला, “मला दिसत नाहीये.”

“अहो, इथे सगळ्या हॉलला दिसतेय.” हॉल हसला.

“हॉलला दिसत असेल, सर. मला दिसत नाहीये. कॅमेरा बंद करा, मी पोट उघडतोय.”

पडदा निळा झाला. आयोजकांनी घाईघाईत कुठल्याशा स्टेपलर कंपनीची फिल्म लावली आणि मग जेवण जाहीर केलं. पनीरच्या रांगेत एकमत होतं की शशीची वाट लागली. माझ्या पुढच्यानं तर तुझ्याबद्दल हळहळ व्यक्त केली, आणि मीही केली, तोंडात आनंद न मावत असताना जशी करता येते तशी. संध्याकाळी तुला विचारलं, काय निघालं रे आत? तू म्हणालास, “उघडल्यावर दिसलं. मग कापलं.” आणि लगेच विचारलंस, जेवणात गोड काय होतं.

मग वर्षं गेली आणि चमत्कार झाला. त्या हॉलमध्ये आपण हजर होतो असं सांगणारे लोक वाढत गेले. आता तर त्या हॉटेलचे सगळे मजले उघडले तरी ते मावणार नाहीत. सगळे आपापल्या विद्यार्थ्यांना ती गोष्ट सांगतात, की हजार डोळे बघत असतानाही थांबायचं कसं. माझ्या ऑपरेशनबद्दल मात्र आजवर कुणी विचारलं नाही. एकदा मीच विषय काढला, तर समोरचा म्हणाला, “अरे, त्या दिवशी तू पण होतास का?”

आता नाहूर. ते मी तुला सुखासुखी सोडणार नाही.

मी मुलुंडला एका साखरपुड्याला आलो होतो. पान वाढून झालं होतं आणि तुझा फोन आला. नाहूरच्या एका नर्सिंग होममध्ये तू अडकला होतास. जिलेबी पानात ठेवून मी निघालो. आपल्याकडे ऑपरेशन चालू असताना दुसरा डॉक्टर धावत आत शिरला की बाहेरच्या बाकावर रडारड सुरू होते. म्हणून आपल्यातले बरेचजण तो फोनच करत नाहीत. इभ्रत बाकावरच्या लोकांकडे गहाण असते. मी मान खाली घालून आत जायला निघालो. पण बाकावरची बाई भावाला शांतपणे म्हणाली, “आला बघ, डाक्टरांनी सांगितला होता तो दुसरा,” आणि मला दारापर्यंत वाट दाखवायला उठली. तू त्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतंस. मी त्या घरात जेवायला बोलावलेला पाहुणा असावा असं माझं स्वागत झालं.

पेशंट होती हिराबाई. वेसाव्याची कोळीण, नाहूरला लेकीकडे आली असताना तिच्या पोटात दुखायला लागलं. मी आत गेलो तेव्हा तू हात पोटाशी बांधून पडद्याकडे बघत उभा होतास. तुला काय वाटतंय ते तू सांगितलं नाहीस, कधीच सांगायचा नाहीस. म्हणालास, “काय दिसतंय ते सांग.” मी दोन मिनिटांत सांगितलं. ही पिशवीची नळी, ही रक्तवाहिनी, क्लिप मार आणि मोकळा हो. तू म्हणालास, पुन्हा बघ. मी म्हटलं, शशी, मी बघितलंय. नळ्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून टेबलावरच त्यांत डाय टाकून एक्स-रे काढतात, त्याची तिथे सोय नव्हती. तू बराच वेळ बघत राहिलास. मग पिशवी मधूनच उघडलीस, खडे बाहेर काढलेस, नळ्यांना चिकटलेला पिशवीचा तळ जागच्या जागी ठेवलास, ड्रेनची नळी बसवलीस आणि बाहेर आलास. पोट मोठं उघडायलाही तयार नव्हतास, म्हणालास की उघडलं तरी तिथे सगळं दगडासारखं घट्ट चिकटलेलंच आहे.

मी हातमोजे घालून नुसता उभा. तुला विचारलं, माझं ऐकायचं नव्हतं तर बोलावलंस कशाला? “तू ‘नाही दिसत’ म्हणाला असतास तर लगेच सोडलं असतं,” तू म्हणालास. “तू दिसतंय म्हणालास, म्हणून आणखी थोडा वेळ बघितलं.”

बाहेर येऊन तू बाकावरच्या माणसांना सांगितलंस की काम अर्धं झालंय, अर्धी पिशवी आत आहे, नळीतून काही दिवस पित्त येईल. आणि त्या लोकांनी तुझे हात हातात घेतले. मी आयुष्यभर कामं पूर्ण करून बाहेर आलो आणि लोकांनी मला विचारलं, डिस्चार्ज कधी.

हिराबाईच्या ड्रेनमधून पित्त येत राहिलं. शेवटी एंडोस्कोपीवाल्यानं तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत एक बारीक नळी बसवली, तेव्हा ते थांबलं. त्या वेळी डाय टाकून त्यानं जो फोटो काढला तो मी मुद्दाम मागून घेतला. पिशवीची नळी मी सांगितली होती तिथेच होती, तंतोतंत. मी ती फिल्म घेऊन मुलुंडला आलो. स्टेशनसमोरच्या टपरीवर तू चहा पीत होतास. फिल्म उन्हात धरून तू नीट पाहिलीस.

“बरोबर होतास तू.”

“मग?”

“मग काय? तू बरोबर होतास हे मला दिसलं नव्हतं ना. कापणारा मी होतो.”

मला हे उत्तर तेव्हा पटलं नाही आणि आजही पूर्ण पटत नाही. मी म्हटलं, तुला दिसलं नाही म्हणून ती बाई साडीखाली ड्रेनची पिशवी लटकवून फिरली, तिच्या घशातून दुर्बीण गेली. हा त्रास कुणाच्या खात्यात? तू म्हणालास, माझ्या, आणि ते मी तिला सांगितलंय. मला वाटलं तू थापा मारतोयस. मग कळलं की खरंच सांगितलं होतंस. माझा उल्लेख करून. त्या पार्ल्याच्या डॉक्टरांना बरोबर दिसलं होतं, मला दिसलं नाही, म्हणून तुम्हाला हा जास्तीचा ताप झाला. हे ऐकून ती बाई काय करेल असं कुणालाही वाटेल? तिनं पापलेटं पाठवली. तुझ्या घरी. मी बरोबर होतो आणि पापलेट मुलुंडला गेलं.

वहिनींनी ती तळली आणि तू मला जेवायला बोलावलंस. मी आलो, दोन तुकड्या जास्तच घेतल्या. मासा ताजा होता, आणि त्यामुळे सगळं जास्तच झोंबलं.

हा आपला वाद राहिला. माझं म्हणणं असं की तुझ्या या थांबण्याची किंमत काही पेशंटांनी मोजली, जे माझ्या टेबलावर असते तर दुसऱ्या दिवशी घरी गेले असते. तुझं म्हणणं असं की ते पेशंट तुझ्याकडे येऊन तुझ्याशी भांडू शकतात, आणि मोठी नळी कापलेल्यांना भांडायलाही त्राण उरत नाही. मी म्हणायचो, माझ्या हातून ती कधी कापली गेली नाही. तू म्हणायचास, “माहीत आहे रे. तू चांगला आहेस. मी माझ्यासारख्यांसाठी बोलतोय.” तू नेहमी असाच जिंकायचास, आधी हरून.

मग माझं पोट दुखलं. दुसऱ्या वेळी तापही आला. सोनोग्राफी घेऊन मी बायकोला, मेधाला, बरोबर घेतलं आणि तुझ्याकडे आलो. पार्ल्यात किंवा अंधेरीत कुणाकडेही जाता आलं असतं. तुझ्याकडेच का आलो, हे तू विचारलं नाहीस. बरं केलंस.

तू फिल्म बघितलीस आणि मला समोरच्या स्टुलावर बसवून, एरवी ‘दिल्या’ म्हणणारा तू, चक्क ‘दिलीप’ म्हणून सुरुवात केलीस. बारीक छिद्रांतून झालं तर उत्तम, नाही तर पोट उघडेन, तरीही दिसलं नाही तर खडे काढेन, तळ आत ठेवेन आणि बाहेर येईन. मेधाकडे वळून म्हणालास, मध्येच कुणी डॉक्टर धावत आत जाताना दिसला तर घाबरू नकोस गं, मी बोलावलेला असेल. अक्षरशः तेच, जे तू हिराबाईच्या लेकीला सांगितलं असणार.

मी म्हटलं, “मला काय सांगतोस? मी सर्जन आहे.”

“आज नाहीयेस.”

मेधा हसली. तिला हे वाक्य इतकं आवडलं की ती अजून ते घरात वापरते, भाजी आणायच्या वेळी. मी चिडून तुला सांगितलं की अर्धी पिशवी आत ठेवून आलास तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही.

“नको बोलूस,” तू म्हणालास. “न बोलायला असशील ना. तेवढंच बघायचंय मला.”

आपलं शेवटचं नीट बोलणं हेच. नंतर फोनवर गणपतीच्या तारखा आणि इकडचं तिकडचं. मी तुला तेव्हा सांगू शकलो असतो की मी तुझ्याकडे आलो कारण मला कापताना ज्याला भीती वाटेल असा दुसरा माणूस मला माहीत नाही. सांगितलं नाही. तुला ते कळलं असेल असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत नाही, कारण न दिसलेलं दिसलं असं म्हणायची तुला सवय नव्हती.

सभेनंतर मेधानं माझ्यामागे लकडा लावला. ताप पुन्हा आला तर काय, हा तिचा प्रश्न रास्त होता. मी आधी अंधेरीला एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. लॉबीत पियानो आहे, वाजवणारा नाही. तिथले सर्जन यंत्रमानवानं ऑपरेशन करतात. यंत्र चांगलंच आहे, तूही ते बघून आला होतास आणि त्याच्या मनगटाचं कौतुक करत होतास. त्या गृहस्थांच्या केबिनबाहेर पाटी होती की इथे आजवर एकही ऑपरेशन ओपन करावं लागलेलं नाही. काही वर्षांपूर्वी ती पाटी वाचून मला हेवा वाटला असता. मी त्यांना विचारलं, नाही दिसलं तर काय करता? ते म्हणाले, “सर, आपल्या मशीनला सगळं दिसतं.” मी आभार मानले आणि रिपोर्ट उचलले.

मग बोरीवलीला गेलो, वैशालीकडे. पूर्वी ती तुझ्या हाताखाली होती. आता तिचं स्वतःचं छोटं हॉस्पिटल आहे, नॅशनल पार्कच्या बाजूला, एका सोसायटीच्या पहिल्या मजल्यावर. लॉबीत चपलांचा रॅक आहे. मी बसल्या बसल्या विचारलं, काम अर्धं सोडून शेवटचं कधी बाहेर आलीस? ती म्हणाली, “मागच्या आठवड्यात.” जणू मी विचारलं होतं, शेवटची इडली कधी खाल्लीस.

तिनं माझे रिपोर्ट बराच वेळ बघितले. म्हणाली, सर, पिशवी यकृताला बरीच चिकटलेली दिसतेय, अडकायची शक्यता आहे. अशा वेळी ती शशीसरांना फोन करायची. मग म्हणाली, “सर म्हणायचे, डोळे हवे असतील तर मला बोलव, हात हवे असतील तर पार्ल्याला फोन कर.”

हे तू मला कधी सांगितलं नाहीस, शशी. मी तिला विचारलं, “मग मला कधी फोन का नाही केलास?”

ती टेबलावरचं पेन नीट ठेवू लागली. “भीती वाटायची, सर.”

“मी रागावेन म्हणून?”

“नाही. तुम्ही याल आणि पटकन करून टाकाल म्हणून. मला काही कळायच्या आत.”

एवढी वर्षं मला वाटत होतं की लोक तुला माझ्याहून चांगला समजतात. तसं नव्हतं. काही दिसत नसताना येऊन त्यांच्याबरोबर उभा राहणारा माणूस त्यांना हवा होता, आणि तो तू होतास. असल्या गोष्टीचा हेवा कसा करायचा, हेही मला अजून नीट जमत नाही. हातांचा करणं किती सोपं असतं.

मी तिला म्हटलं, तूच कर. गुरुवारची सकाळ ठरली. तिनं विचारलं, सर, अडकलं तर कुणाला बोलवू? तुम्हालाच बोलावलं असतं, पण तुम्ही झोपलेले असाल. नाव तुम्ही सांगा, फोन मी करते. मी म्हटलं, नको, फोन मी करतो.

घरी येऊन हातपाय धुतले, चहा घेतला, मग वर्तमानपत्रही वाचलं, सकाळचंच. मेधा समोर बसून बघत होती. मग किरीटला फोन लावला. आमचं दोघांचं एकमेकांना फोन करण्याइतकं कधीच नव्हतं, त्यामुळे त्याला आधी वाटलं की आणखी कुणीतरी गेलं.

मी म्हटलं, “किरीट, गुरुवारी सकाळी मोकळा आहेस का? बोरीवलीला वैशालीकडे एक पित्ताची पिशवी आहे. अडकेल असं वाटतंय.”

“वैशाली करते ना? मग ठीक. पेशंट कोण?”

“मी.”

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. “घाटकोपरहून बोरीवली, सकाळचा ट्राफिक,” किरीट म्हणाला. “मी तर आधीच येऊन बसतो. बाहेर चहा पितो. नाय बोलावला तर अजून चांगला.” मग म्हणाला, “तू फोन केला, दिलीपभाई. बरा केला.”

फोन ठेवला. तू हाच फोन पेशंट टेबलवर असताना करायचास. हातमोजे रक्तानं भरलेले, फोन नर्सनं तुझ्या कानाशी धरलेला, आणि बोलणं झालं की तू भूलतज्ज्ञ बाईंना विचारायचास, मुलीची ॲडमिशन झाली का हो. आवाजात काही फरक नाही. मी समोर उभा राहून हे पाहिलंय, आणि तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आज घरच्या सोफ्यावर, मोकळ्या हातांनी, एवढ्याशा वाक्याला मला घाम फुटला, आणि शशी, उभ्या आयुष्यात तुझा जितका केला नव्हता तितका हेवा मी तेव्हा केला.